पुन्हा मांडलेला संसार

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या कळंबोलीत मिस्सा संपत आली होती आणि बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. अखेरच्या आशीर्वादापूर्वी धर्मगुरूंनी रिवाजाप्रमाणे होऊ घातलेल्या विवाहांची नावे वाचली. नावे तीन होती. पहिले एका तरुण जोडप्याचे. दुसरे पंचावन्न वर्षांच्या एका विधुर गृहस्थांचे. त्यावर कोणाची पापणीही हलली नाही. तिसरे नाव चाळिशी ओलांडलेल्या एका परिचारिकेचे होते. ते उच्चारले गेले आणि माझ्या मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. "हिचे तर एकदा झाले होते ना?" "झाले होते, आणि मोडलेही होते."

या परिचारिकाबाईंना मी ओळखते. त्यांच्या पहिल्या विवाहात काय घडले हे सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे, माझा नव्हे. एवढेच सांगते की न्यायालयाचा हुकूम आणि धर्मप्रांताच्या न्यायमंडळाचा निर्णय असे दोन्ही कागद त्यांच्यापाशी होते, आणि ते मिळवण्यात त्यांच्या उमेदीची आठ वर्षे गेली होती. कुजबुज करणाऱ्या भगिनींना यातले काही ठाऊक नसावे. त्यांचा मला राग आला नाही. मात्र पाऊस थांबण्याची वाट पाहत बसल्या बसल्या एक विचार मनात घोळू लागला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण एकदा विस्कटलेला संसार आपल्या मराठी मुलखातील बायकांनी पुन्हा कसा मांडला, कोणाच्या बळावर मांडला, त्याची काय किंमत मोजली, हा इतिहास काही मी एकाही वर्गाला शिकवला नव्हता.

त्याची सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करायला हरकत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईची आखणी सुरू झाली. पुढे मुंबईतला लोखंडाचा बाजार कळंबोलीत आला, इमारती उभ्या राहिल्या आणि वसई, मुंबई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकाणांहून आपण सारे येथे येऊन राहिलो. त्याआधी हा पनवेलच्या खाडीकाठचा आगरी-कोळ्यांचा, भातखाचरांचा मुलूख होता. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची गॅझेटियरे प्रसिद्ध केली. त्यांत आगरी, कोळी, कुणबी या जातींमध्ये विधवेचे पुन्हा लग्न लागते अशी नोंद आहे. या लग्नाला 'पाट' म्हणत, कोठे 'मोहतूर' म्हणत. नवराबायकोचे पटेनासे झाले तर जातपंचांसमोर गवताची काडी मोडून फारकत होत असे. त्यावरूनच 'काडीमोड' हा शब्द आपल्या भाषेत आला. म्हणजे आज ज्या गोष्टीला आपण नव्या काळाचे खूळ म्हणतो ती या खाडीकाठच्या कष्टकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

तिला फार गोंडस रूप देण्याचेही कारण नाही. पाट रात्री लागे, वाजंत्र्यांशिवाय, चार माणसांत. त्या वेळी सवाष्णींनी तेथे थांबू नये असा दंडक होता. वर पहिलटकर असेल तर काही जातींत त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावीत, म्हणजे विधवेशी होणारे लग्न त्याचे दुसरे ठरे आणि अशुभ टळे. वाट होती खरी, पण ती मागच्या दाराची होती. तरीही होती, हे महत्त्वाचे. कारण वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींत मागचे दारही नव्हते. तेथे आठ वर्षांची मुलगी विधवा झाली तर ती ऐंशीव्या वर्षी विधवा म्हणूनच मरे.

१८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीचे हे फळ, आणि त्याचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकांत वाचतोच. त्या कायद्याचे दुसरे कलम मात्र पाठ्यपुस्तकांत नसते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जाईल, असे ते कलम सांगत होते. ज्या जातींत पुनर्विवाह मुळातच चालत होता त्यांनाही ते लागू करावे काय, यावर न्यायालयांत मतभेद झाले. अलाहाबादच्या न्यायालयाने नको म्हटले. मुंबई हायकोर्टाने १८९६ साली मिळकत गेलीच असा निर्णय दिला. ज्या बाईला लग्नासाठी या कायद्याची गरजच नव्हती तिच्या पदरी त्याने तोटा तेवढा टाकला. हा कायदा रद्द झाला तो थेट १९८३ साली.

कायदा झाला म्हणून लग्ने झाली असेही नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मण समाजात पहिला गाजलेला पुनर्विवाह होण्यास आणखी तेरा वर्षे जावी लागली. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला, पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी उभी केली, आणि १५ जून १८६९ रोजी मुंबईत वेणूबाई नावाच्या तरुण विधवेचे लग्न पांडुरंग विनायक करमरकरांशी लागले. शंकराचार्यांनी बहिष्कार पुकारला. पुढच्या वर्षी पुण्यात शास्त्रार्थ झाला आणि त्यात सुधारकांचा पक्ष हरला. त्या सभेत शास्त्री होते, आचार्य होते, पंच होते. जिच्या आयुष्याचा निवाडा चालला होता तिला बोलावण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आणि न्यायमूर्ती रानडे? १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. ते विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. त्यांनी वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. रमाबाई रानड्यांचे पुढचे आयुष्य तेजस्वी झाले हे खरे, पण त्या दिवशी एका विधवेची वाट अडली हेही खरे. रानड्यांबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही या प्रसंगापाशी मी दर वेळी थबकते.

आता गोदूबाईंची कथा. देवरुखच्या बाळकृष्ण जोशी यांची ही मुलगी आठव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि काही महिन्यांतच विधवा झाली. नवऱ्याचा चेहरा तरी तिला धड आठवत असेल की नाही कोण जाणे. पुढची कित्येक वर्षे तिने राबण्यात काढली. तिचे भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. त्यांचे मित्र धोंडो केशव कर्वे आणि नरहरपंत एकाच बिऱ्हाडात राहत. भावाने बहिणीला मुंबईला आणले.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या. त्या स्वतः विधवा होत्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केले. पुरती दोन वर्षेही झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांचा नवरा गेला आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांनी उभी केली ती शाळा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि तेथे शिकायला आलेली पहिली विधवा होती गोदूबाई जोशी.

शारदा सदनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातील धर्मांतराच्या वादाविषयी तर फारच. मला त्यातील साध्या गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. विधवेने समोरच्या दाराने आत यावे, सर्वांबरोबर बसावे, पाटी-पेन्सिल हाती धरावी, तिच्या सावलीला कोणी अशुभ म्हणू नये. पंचविशीच्या आसपासची बाई मुळाक्षरे गिरवते आहे हे दृश्य लोकांना हास्यास्पद वाटत असेल. पण मन बरे होण्याची जी काही क्रिया असते तिला येथूनच आरंभ झाला असला पाहिजे. चार वर्षे गोदूबाई तेथे होत्या, मुंबईत आणि मग सदन पुण्याला गेले तेव्हा पुण्यात. या काळात त्यांच्या लग्नाचा विषयही कोठे नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८९१ साली कर्व्यांची पत्नी राधाबाई वारल्या. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले होते. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांशी बोलणे झाले, गोदूबाईंचा होकार घेतला गेला आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात विवाह झाला. शारदा सदन उघडले त्याच तारखेला, बरोबर चार वर्षांनी. ती जुळणी हेतुपुरस्सर होती असे मी म्हणत नाही, पण मनाला सुखावणारी खचित आहे. गोदूबाईंचे नाव आनंदी झाले; पुढे सारे जण त्यांना बाया म्हणू लागले.

कर्व्यांच्या मुरुड गावाने ठराव करून त्यांना वाळीत टाकले. गावी गेल्यावर सख्ख्या आईच्या पंक्तीलाही बसायची चोरी झाली. त्यापेक्षा बोचरी एक गोष्ट आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला आणि त्यातून मोठी संस्था उभी राहिली. लोकांनी आपल्या विधवा मुली विश्वासाने पाठवाव्यात म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आणि आश्रमाचे काम यांची काटेकोर फारकत केली. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचे असेल, पण त्याचा अर्थ असा झाला की आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी पुनर्विवाहित म्हणून त्याच आश्रमाला अडचणीची ठरली. हा परकेपणा बायांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात लपवलेला नाही. ते पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. संपादन सुनेने, कावेरी कर्वे यांनी केले. नवऱ्याविषयी बाया त्यात प्रेमाने बोलतात आणि तक्रारही करतात. घरात दोन पैसे शिल्लक पडू न देता सारे संस्थेला वाहणारा नवरा जगाला महर्षी वाटतो, चूल पेटवणाऱ्या बाईला तो जरा निराळा दिसतो. मला तर ही तक्रारच त्या संसाराच्या सुखाची मोठी साक्ष वाटते. वीस वर्षे जिला तोंड उघडण्याची मुभा नव्हती ती नवऱ्याशी हक्काने भांडते आहे! १९५० साली बाया वारल्या तेव्हा या लग्नाला सत्तावन्न वर्षे झाली होती.

बायांच्या धाकट्या बहिणीला, पार्वतीबाई आठवले यांनाही वैधव्य आले. पदरी एक मुलगा होता. बहिणीने पुन्हा लग्न केलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि स्वतः मात्र तो मार्ग घेतला नाही. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एका घरातील दोन बहिणी, दोन वाटा. कोणती बरी हे ठरवण्याचा उद्योग करू नये.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांची ओळख करून देण्याची गरज नाही. त्या आपल्या पंथाच्या नव्हेत, पण 'स्मृतिचित्रे' ज्याच्या घरात नाही ते मराठी ख्रिस्ती घर कसले, असे मी म्हणत असते. मात्र त्यांची कथा या विषयाच्या अंगाने आपण क्वचितच वाचतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि तरी गेल्यासारखा. कपाळी कुंकू आणि तरी जगाच्या लेखी टाकलेली. त्या दुःखाला रूढीत नाव नव्हते. विधवेसाठी निदान विधी असतात, हिच्यासाठी काहीच नव्हते. लहानगा दत्तू आणि माहेरच्या नातलगांचा आधार एवढ्यावर पंढरपुरात त्यांनी दिवस काढले, आणि दुःख अनावर झाले की त्या पद्ये रचीत.

या ठिकाणी कायद्याची एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. एतद्देशीय धर्मांतरितांचा विवाहविच्छेद कायदा १८६६ पासून लागू होता. धर्मांतर केल्याच्या कारणावरून जोडीदाराने सहा महिने त्याग केला तर धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश दुसऱ्या पक्षाची समजूत घालून पाहत, एक वर्षाची मुदत देत, आणि मग विवाह मोडून दोघांनाही पुन्हा लग्नाची मोकळीक मिळे. आपल्या ख्रिस्तसभेत संत पौलाच्या शिकवणीवर आधारलेली जी सवलत आहे तिच्याशी याचे नाते सहज दिसते. टिळकांना हे दार उघडे होते. ते त्या दारातून गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ राहायला गेल्या, पण एकदम मिळून नव्हे. आधी वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे-ओवळे सारे सांभाळून. मग त्यांचे त्यांनाच जातिभेद पोकळ वाटू लागले, सोवळे सुटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या असे ज्यांना वाटते त्यांनी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावे. ही बाई स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला गेली. गमावलेला माणूस तोच होता आणि पुन्हा लाभलेलाही तोच. पण मधल्या वर्षांत ती स्वतः निराळी झाली होती, म्हणून ते प्रेम दुसऱ्यांदा जडलेले प्रेम म्हणावे लागते.

डॉक्टर रखमाबाईंच्या आयुष्यात असे दुसरे प्रेम आले नाही. पण त्यांच्या आईच्या आयुष्यात ते आले होते. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. सुतार जातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. या सावत्र बापाच्या घरी पुस्तकांत वाढलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात बसा असे फर्मावले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोट येथे बायकांवर उपचार करीत त्यांनी आयुष्य घालवले, आणि १९५५ साली त्या वारल्या. १९०४ मध्ये दादाजी वारल्याचे कळल्यावर त्यांनी विधवेचा वेश घेतला असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या नात्यात नांदायला नकार दिला त्याचे वैधव्य मात्र त्यांनी पाळले. जखम भरणे ही गोष्ट किती वेडीवाकडी असते ते यावरून कळते.

आता आपल्या घराकडे वळू. आपण कॅथलिक मंडळी हे सारे 'त्यांचे' प्रश्न म्हणून वाचतो. आपल्यात विधवेला पुन्हा विवाह करण्यास संत पौलाच्या काळापासून आडकाठी नाही, हे खरे. परंतु जिवंत नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीचे काय? चौथ्या शतकात रोममध्ये फाबिओला नावाची कुलीन स्त्री होती. नवऱ्याच्या दुराचाराला कंटाळून तिने रोमन कायद्यानुसार त्याला सोडले आणि दुसरा घरोबा केला. दुसरा नवरा वारल्यावर तिने लॅटरन महामंदिराच्या दारी सर्वांदेखत प्रायश्चित्त घेतले, संपत्ती विकून रोममध्ये रुग्णालय काढले आणि रस्त्यावरच्या रोग्यांची स्वतःच्या हातांनी सेवा केली. पश्चिमेकडील ख्रिस्ती जगतातील पहिल्या रुग्णालयांत त्याची गणना होते. ती ३९९ साली वारली तेव्हा संत जेरोमने तिच्यावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. तिच्या दुसऱ्या लग्नाचे समर्थन त्याने केले नाही. पण एक गोष्ट निक्षून सांगितली: जे स्त्रीला वर्ज्य ते ख्रिस्ती धर्मात पुरुषालाही वर्ज्य, कैसरांचे कायदे वेगळे असतील, ख्रिस्ताचा कायदा दोघांना एकच.

हे वाक्य लक्षात ठेवून १८६९ सालाकडे या. त्या वर्षी १ एप्रिलपासून ख्रिस्ती लोकांसाठी भारतीय घटस्फोट कायदा लागू झाला. म्हणजे मुंबईत वेणूबाईंचे लग्न लागले त्याच उन्हाळ्यातला हा कायदा. त्याच्या दहाव्या कलमानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होते. बायकोने मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता, किंवा दोन वर्षांचा परित्याग, किंवा तसाच आणखी एखादा दोष सिद्ध करायचा होता. नुसता मारतो, एवढे पुरेसे नव्हते. नुसता टाकून गेला, एवढेही पुरेसे नव्हते. जेरोमने झिडकारलेली विषमता ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारने ख्रिस्ती बायकांवर लादली. इंग्लंडने स्वतःच्या घरी ती १९२३ साली काढून टाकली. आपण स्वतंत्र झाल्यावरही पन्नास वर्षे ती जपून ठेवली.

आणि निकाल मिळाला तरी काम संपत नसे. आपल्या पनवेल तालुक्यातील बाईने जिल्हा न्यायालयात, म्हणजे अलिबागला, अर्ज करावा. मुलाला शेजारणीकडे ठेवावे, पेणवरून एसटीने जावे, तारीख पडली की परत यावे. तेथे हुकूम मिळाला की तो मुंबईच्या हायकोर्टात कायम व्हावा लागे, आणि तोही तीन न्यायमूर्तींपुढे, सहा महिने उलटल्यावर. तोवर ती ना सधवा, ना मोकळी. दाव्याच्या काळातील पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक मागता येत नसे. शेजारच्या हिंदू भगिनीला १९५५ च्या कायद्याने घटस्फोटाची आणि १९७६ पासून परस्परसंमतीची वाट मिळाली होती. गोव्यात १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने घटस्फोट आला होता, पण पोर्तुगाल आणि पोपमहोदय यांच्यातील १९४० च्या करारानंतर देवळात लागलेली लग्ने ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाकडे सोपवली गेली. आपल्या ब्रिटिश मुलखातील ख्रिस्ती बाई यांपैकी कोणत्याच दारात बसत नव्हती.

बदल घडवला तो अशाच बायकांनी. १९९५ साली केरळ हायकोर्टाने आणि १९९७ साली आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने, ख्रिस्ती महिलांच्या अर्जांवर, क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणे मानली. मग २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. स्त्रीपुरुषांना समान कारणे मिळाली, परस्परसंमतीची तरतूद आली, हायकोर्टाच्या शिक्कामोर्तबाची अट आणि पोटगीची मर्यादा दोन्ही गेल्या. एकशे बत्तीस वर्षांनी!

कायद्याचा हुकूम झाला तरी देवळात विवाह व्हायचा तर दुसरे दार उघडावे लागते. त्याविषयी आपल्या धर्मग्रामांत फार गैरसमज आहेत. ख्रिस्तसभा विवाह मोडत नाही. विवाहाच्या वेळीच संमतीत किंवा क्षमतेत मूलभूत उणीव होती, म्हणून बंधन निर्माणच झाले नव्हते, असे न्यायमंडळ पुरावे तपासून जाहीर करते. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ साली अशा प्रकरणांत दोन सुसंगत निर्णयांची अट घातली, म्हणजे एका मंडळाचा निर्णय दुसऱ्याने उचलून धरल्यावाचून सुटका नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती अट काढली आणि ८ डिसेंबर २०१५ पासून नवी पद्धत सुरू झाली. अशा विवाहातील मुले यामुळे अनौरस ठरतात ही आणखी एक समजूत. कॅनन कायद्यात तसे मुळीच नाही. उलट, न्यायमंडळाचा निर्णय मिळाला म्हणजे सरकारदरबारीही मोकळे झालो असे मानणारे लोकही मी पाहिले आहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी दिवाणी न्यायालयाचाच हुकूम हवा. दोन दारे, दोन किल्ल्या. एकीने दुसरे उघडत नाही.

ज्यांना न्यायमंडळाकडून असा निर्णय मिळत नाही, किंवा ज्या एकट्याच राहतात, त्यांचे काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात लिहिले आहे की एकट्या पडलेल्या जोडीदाराला समाजाने आधार द्यावा आणि पुन्हा नागरी विवाह केलेल्यांनीही स्वतःला ख्रिस्तसभेपासून तुटलेले समजू नये. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. मागच्या बाकापर्यंत ते अजून पोचायचे आहे.

गोदूबाईंना शारदा सदन मिळाले, लक्ष्मीबाईंना पद्यरचना, रखमाबाईंना वैद्यक, फाबिओलेला रोगी. आमच्या परिचारिकाबाईंना काय मिळाले हे मी एकदा विचारले. म्हणाल्या, "रात्रपाळी. पहिली दोन वर्षे घरी झोपच लागायची नाही, मग म्हटले जागायचेच तर कोणाच्या तरी उशाशी जागावे." ज्यांच्याशी त्यांचा विवाह ठरला त्या गृहस्थांच्या आईची शुश्रूषा त्यांनी अशाच रात्रपाळीत केली होती. ओळख त्यानंतर चार वर्षांनी झाली.

लग्नाला मी गेले होते. पाऊस उघडला होता. वधूने फिकट निळी साडी नेसली होती आणि पहिल्या विवाहातील तिचा मुलगा, आता कॉलेजात जाणारा, वाचनाला उभा राहिला होता. आवाज जरा कापत होता, पण उच्चार स्वच्छ. जेवणाच्या रांगेत मागच्या बाकावरच्या त्याच बाई माझ्यापुढे आल्या. हातात आहेराचे पाकीट होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "बाई, तुमची त्यांची ओळख आहे ना? न्यायमंडळाकडे अर्ज करायचा तर आधी कोणाला भेटायचे, तेवढे विचारून द्याल का? माझ्या भाचीसाठी हवे होते."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ वधूकडे घेऊन गेले.